कोऱ्या खोलीचा वास

१

तिच्या पीएचडीचं पाणी घरातल्या सगळ्यांच्या नाकातोंडात गेलं आहे, असं तिचा नवरा येईल-जाईल त्याला सांगायचा. त्याचंही काही चुकत नव्हतं. बायको वासांवर संशोधन करते म्हटल्यावर घरातून आधी अत्तर गेलं, मग सुगंधी साबण गेला, मग डोक्याचं तेल गेलं आणि शेवटी कांदा-लसणावर गदा आली तेव्हा त्याने हात टेकले.

"वासावर पीएचडी कर, आमची ना नाही," ताटातल्या उकडलेल्या बटाट्याकडे बघत तो म्हणाला, "पण आम्हाला उपवास कशाला?"

"तू खा ना कांदा. मी कुठे नको म्हणतेय?"

"आणि मग तू मला बाहेरच्या खोलीत झोपवणार. म्हणजे सहवासही गेला!"

लहानपणापासून तिला सगळे नकटी म्हणायचे. नाक बसकं, त्याला ती तरी काय करणार? गंमत अशी की त्या बसक्या नाकाइतकं तिखट नाक साऱ्या विभागात दुसरं नव्हतं. जुन्या पुस्तकाचं पान नुसतं नाकाशी धरून ती त्याला ओल लागली आहे की कीड, ते सांगायची. तिचं कामच ते होतं. जुन्या वस्तू जपायच्या तर त्या कशाने झिजताहेत हे कळावं लागतं, आणि कागद, लाकूड, कातडं, कापड झिजायला लागलं की डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचा वास बदलतो. तो ओळखायचा, यंत्रावर मोजायचा, आणि जमलं तर साठवायचा, म्हणजे वस्तू उद्या गेली तरी तिचा वास मागे राहील. ही विद्या शिकणाऱ्याला पहिली अट अशी की त्याला स्वतःचा वास असता कामा नये. म्हणून तो बिनवासाचा साबण, साध्या पाण्यात उकळलेले कपडे आणि ते मिळमिळीत जेवण.

एका बाबतीत मात्र ती नियम सर्रास मोडायची. तिची ठमी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. कामावर निघण्याआधी नकटी तिला उचलायची, तिच्या टाळूवर नाक टेकवायची आणि पोटभर श्वास घ्यायची. ठमीही काही कमी नव्हती. ती आईच्या मानेत नाक खुपसून कुत्र्याच्या पिल्लासारखी फुरफुरायची. डोळे मिटलेले असले तरी तिला ती मान बरोबर सापडायची, आणि सापडल्याशिवाय कार्टी झोपायची नाही.

"ही पोर तुझ्यापेक्षा मोठी डॉक्टर होणार बघ," नणंद म्हणायची. नणंद शेजारच्याच घरात राहायची आणि दिवसभर ठमीला सांभाळायची. तिच्या अंगाला कांदा, तेल, पावडर असे सगळे वास यायचे आणि नकटीला मनातून तिचा थोडा हेवा वाटायचा.

२

शहराच्या जुन्या भागात एका डॉक्टरांचं राहतं घर वस्तुसंग्रहालय म्हणून जपलेलं होतं. त्या घरातल्या एकेका खोलीचा वास गोळा करत नकटीने दिवसच्या दिवस काढले होते. खालच्या दवाखान्यात औषधांचा उग्र वास अजून होता. जेवणाच्या खोलीत मेणाचा आणि चांदी घासायच्या पावडरीचा. माडीवरच्या अभ्यासिकेत जुन्या पुस्तकांचा, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखा गोडसर. दार उघडलं की ओळखीचं माणूस सामोरं आल्यासारखं तिला वाटायचं, आणि ती खरंच मान हलवून आत शिरायची.

माडीवरची अगदी टोकाची खोली मात्र कायम बंद असे. तिथली जमीन कमकुवत झाली होती, म्हणून लोकांना आत सोडत नसत. अखेर सुतारांनी फळ्या बदलल्या आणि एके दिवशी सकाळी किल्लीवाल्या बाईंनी ती नकटीसाठी उघडली.

"घ्या, उघडली एकदाची," बाई जिना चढून धापा टाकत होत्या. "नाकाला रुमाल लावा हं. इतकी वर्षं बंद म्हणजे आत काय काय कोंदलं असेल, देव जाणे."

नकटीने सवयीप्रमाणे उंबऱ्यातच डोळे मिटले आणि श्वास घेतला.

काही नाही.

तिने डोळे उघडले. खोलीत लाकडी पलंग होता, त्यावर जाड रजई होती. भिंतीला कपाट. खिडकीला आतून लावलेली लाकडी झडप आणि तिच्यावर मळकट पडदा. जमिनीच्या कडेला धुळीचे गोळे. यातली एकही वस्तू बिनवासाची असणं शक्य नव्हतं. ती रजईवर वाकली. कपाट उघडून आत डोकं घातलं. बोटावर धूळ घेऊन ती नाकाशी नेली. धुळीलाही वास असतो, पावसाआधीच्या रस्त्यासारखा, पण या धुळीला तोही नव्हता.

सर्दी झाली असेल, असं म्हणून ती बाहेर आली. बाहेर आल्याबरोबर जिन्याच्या कठड्याचं पॉलिश, बाईंचं खोबरेल तेल, घाम, सगळे वास हजर. ती परत आत गेली. बाईही तिच्या मागोमाग आत आल्या आणि अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. आता मात्र तेलही नाही आणि घामही नाही. खालच्या घड्याळाची टिकटिक तेवढी फळ्यांतून पायांना जाणवत होती.

"काय हो, येतोय का वास?"

"नाही."

"कुणाचाच नाही?"

"कशाचाच," नकटीने दुरुस्ती केली. पण बाईंचा शब्द तिच्या कानात उगाच अडकून बसला.

३

तिच्या गाईड म्हणजे या विषयातलं मोठं नाव. साठी उलटली होती, तरी रोज प्रयोगशाळेत यायच्या. कधी येऊन पाठीशी उभ्या राहायच्या ते कुणाला कळायचं नाही. मॅडम चपलांना कापूस बांधून फिरतात, असं मुलं म्हणायची.

खोलीतली हवा नळीत भरून आणली होती. तिच्यात जे जे असेल त्याचे सुळके यंत्र कागदावर उमटवी. या वेळी नुसती रेघ आली, पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

"यंत्र बिघडलंय बहुतेक," नकटी म्हणाली.

"यंत्राला काय धाड भरलीय?" मागून मॅडमचा आवाज आला आणि ती दचकली. मॅडमनी कागद हातात घेतला. "नळी भरताना तू खोलीतच होतीस ना?"

"हो."

"मग निदान तुझा तरी सुळका यायला हवा होता. कितीही साबण बदल, माणूस पूर्ण कोरा होत नाही. तू कुठे आहेस यात?"

नकटीने कागदाकडे पाहिलं. ती त्यात कुठेही नव्हती.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "आधी स्वतःला वजा करायला शीक. तुझा वास वेगळा मोज, मग तो बाजूला काढ. उरेल ते खोलीचं."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"तर तोच तुझा प्रबंध. अशी खोली लोकांना जन्मभर मिळत नाही, नकटे."

मॅडमच्या तोंडून कौतुक म्हणजे दुर्मीळच. ती हरखून गेली.

वजा करायची पद्धत सोपी होती. दोन पोलादी डब्या घ्यायच्या. एकीत उकळून कोरं केलेलं सुती कापड ठेवायचं आणि ती डबी खोलीत उघडी ठेवून यायचं, म्हणजे काही दिवसांत खोलीचा वास कापडात उतरतो. दुसरीत संशोधकाच्या अंगाला लागलेलं कापड ठेवायचं आणि ती प्रयोगशाळेत घट्ट बंद राहते. नकटीने त्यासाठी आपल्या झोपायच्या जुन्या पांढऱ्या गाऊनचा गळ्याजवळचा तुकडा कापला. धुऊन धुऊन तो मऊ झाला होता. ठमीची लाळ, दूध, झोप, सगळं त्यात मुरलेलं होतं. डब्यांवर चिठ्ठी चिकटवता येत नाही, कारण डिंकालाही वास असतो, शाईलाही असतो. म्हणून या कामातले लोक झाकणावर सुईने ओरखडा काढतात. कोऱ्या कापडाच्या डबीला एक ओरखडा, स्वतःच्या डबीला दोन.

आता झाकणं धुताना ती दोन्ही एकत्रच धुतली जातात, आणि पुसताना ठमी आज लवकर उठली होती का, तिने नीट खाल्लं का, असले विचार डोक्यात असतात. तेव्हा काय झालं ते तिला कळलंही नाही.

४

काही दिवसांनी ती डबी आणायला गेली. दार उघडलं, आणि ती उंबऱ्यातच थांबली.

खोलीला वास येत होता.

अगदी हलका होता, पण होता. तिने डोळे मिटले आणि शिकवल्याप्रमाणे शब्द शोधायला लागली. उबदार. दुधट. किंचित खारट. त्याच्या तळाशी नुकत्याच सोडलेल्या अंथरुणाचा वास. छान वास होता. तिला वाटलं, हा आपण कुठेतरी घेतलाय, अगदी रोजच्यातला आहे, पण कुणाचा ते आठवत नाही. असं तिच्या बाबतीत कधी होत नसे.

"आता बरं वाटतंय," दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा आले तेव्हा नुसतं भकास. आता कुणीतरी राहतंय असं वाटतं."

नकटी हसली. डबी पलंगाच्या कडेला ठेवली होती. ती उचलताना तिचा हात रजईला लागला आणि रजई कोमट लागली. ऊन पडलं असेल, असं म्हणून तिने खिडकीकडे पाहिलं. झडप बंद होती. मग सुतारांपैकी कुणी दुपारी आडवं झालं असेल, असं तिने ठरवलं. सुतारांचं काम केव्हाच संपलं होतं, हे तिच्या लक्षात होतं, पण ठरवलं की प्रश्न मिटतो. जिना उतरताना ती चक्क गुणगुणत होती.

५

खोलीतून आणलेल्या डबीची रेघ सरळ आली. प्रयोगशाळेतल्या डबीची रेघही सरळ आली. या वेळी खोलीतली हवा नळीतही भरून आणली होती, तिच्या कागदावर मात्र सुळक्यांची रांग उभी राहिली.

ती त्या सुळक्यांकडे बघत राहिली. मग मान वर करून तिने भिंतीकडे पाहिलं. प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात त्याचाच वास यंत्रावर काढायचा आणि तो कागद टोपणनावासकट भिंतीला लावायचा, अशी मुलांची मजा होती. सगळ्यात वर मॅडमची रेघ होती, सरळसोट. मुलं तिला मॅडमची शिस्त म्हणायची. खालच्या रांगेत 'नकटी' असं लिहिलेला कागद होता. तिने हातातला कागद त्याच्याशेजारी धरला. सुळक्याला सुळका जुळत होता.

तिने दोन्ही डब्या उघडल्या. खोलीत ठेवलेल्या डबीतल्या तुकड्याला गाऊनच्या गळ्याची शिवण होती. झाकणं बदलली होती तर! स्वतःला वजा करायच्या ऐवजी ती स्वतःलाच खोलीत ठेवून आली होती. तिला आधी हायसं वाटलं. साधी झाकणांची चूक, दुसरं काही नाही. आपलाच वास आपल्याला ओळखू येत नाही, तो कुणालाच येत नाही, म्हणून तो ओळखीचा वाटूनही आठवत नव्हता.

पण एवढ्याशा चिंधीने एवढी मोठी खोली कशी भरली? आणि चिंधी इतकी कोरी कशी झाली, की यंत्राला त्यात एवढंसंही सापडू नये?

वास घेऊन घेऊन नाक थकलं की या कामातले लोक स्वतःच्या कोपराच्या खळग्यात नाक घालून श्वास घेतात. त्याला ते नाक धुणं म्हणतात. स्वतःचा वास कळत नाही, पण तिथे नाकाला टेकायला जागा मिळते. घराच्या उंबऱ्यावर क्षणभर बसावं तसं ते असतं. नकटीने कोपर वाकवून त्यात नाक घातलं.

तिथे टेकायला काही नव्हतं. ती खोली पहिल्यांदा उघडली तेव्हा जे होतं, तेच आता तिच्या कोपराच्या खळग्यात होतं.

६

घरी आली तेव्हा नवरा ओट्याशी उभा होता. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पाण्याचा पेला भरला, अर्धा प्याली. तो वळला आणि त्याच्या हातातली पळी खाली पडली.

"अगं! कधी आलीस? हाक तरी मारायचीस!"

"दार वाजलं की."

"नाही बुवा कळलं मला."

ठमी नणंदेकडे पेंगुळली होती. नकटीने शेजारी जाऊन तिला उचललं आणि मानेशी धरलं. ठमीचं नाक मानेच्या एका बाजूला हललं, मग दुसऱ्या बाजूला. थांबलं. पुन्हा शोधायला लागलं. मग पोरीने डोळे उघडले आणि आईकडे पाहिलं. पाहुण्यांकडे बघतात तसं पाहिलं. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिने असा टाहो फोडला की नणंद धावत आली.

"दात येत असतील गं," नणंदेने तिला खांद्यावर घेऊन थोपटलं, आणि ठमी दोन हुंदके देऊन तिथेच झोपली.

दात येऊन गेले. ठमी आईकडे आली नाही. ती रडायची तेव्हा आईसाठीच रडायची, दारात कुणाची तरी वाट बघायची, आणि आई समोर बसलेली असायची. एकदा तर रांगत येऊन तिने नकटीच्या पायाला धरलं, उभी राहिली, आणि टेबलाचा पाय धरावा तसा तो पाय धरून दाराकडे बघत राहिली.

ती काही हात बांधून बसली नाही. डोक्याला तेल चोपडलं. माळ्यावर टाकलेला सुगंधी साबण काढला. स्वतः कांदा चिरला, परतला, खाल्ला.

"कांदा!" नवरा खूश झाला. "म्हणजे पीएचडी झाली का?"

"अरे, मला वास येतोय का बघ."

त्याने तिच्या केसांत नाक घातलं. "नाही," तो अभिमानाने म्हणाला, "अजिबात नाही. जमलं बघ तुला!" मग तिचे डोळे बघून त्याने ताट बाजूला सारलं.

तेल, साबण, कांदा, काहीही तिच्या अंगावर टिकत नव्हतं. कपाटातले तिचे कपडे कोरे झाले होते. उशी कोरी झाली होती. डॉक्टरांनी तिचं नाक तपासलं, कातडी तपासली आणि ठणठणीत म्हणून सांगितलं. मुलं या वयात असं करतात, असं बालसंगोपनाच्या पुस्तकातही दिलेलं होतं. तिने ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. त्यावर तिचा बराच विश्वास बसला, पण ठमीचा बसला नाही.

७

ती मॅडमना भेटायला गेली. केबिनमध्ये कुणी नव्हतं. ती खुर्चीत बसून वाट बघू लागली. समोरच्या खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर येत होतं आणि कागद पिवळे दिसत होते.

"बोल," मॅडम म्हणाल्या. त्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या होत्या. मघापासूनच होत्या.

तिने सगळं सांगितलं. झाकणांची चूकसुद्धा लपवली नाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खोलीतला वास कसा आहे आता?"

"वाढतोय."

"छान."

"मॅडम, माझी मुलगी मला ओळखत नाही हो."

मॅडमनी समोरचे कागद एकत्र केले. "माझा मुलगा मोठा होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "शाळेत जायचा. त्याला घरचा पत्ता पाठ होता, त्यामुळे तो यायचा."

"मग?"

"मग काय? सवय होते. काम मात्र फार चांगलं होतं. आपण आड येत नाही ना कशाच्या."

"मी खिडकी उघडून टाकते त्या खोलीची. सताड उघडते. नको मला तो प्रबंध."

"उघड की. वास बाहेर जाईल. तुझ्याकडे कशाला येईल?" मॅडमच्या आवाजात राग नव्हता, दयाच होती, आणि तीच तिला सहन झाली नाही. ती उठली. दारातून वळून पाहिलं तेव्हा खुर्ची पुन्हा रिकामी वाटली. तिने मुद्दाम निरखून बघितलं नाही.

जिना उतरता उतरता तिचं ठरलं. वास तिकडून इकडे येत नसेल, तर ठमीला तिकडे न्यायचं. त्या वासात उभं राहून तिला छातीशी धरायचं. नाकाला वास मिळेल, डोळ्यांना चेहरा मिळेल, आणि पोरीच्या मनात दोन्हींची गाठ पुन्हा बसेल. शास्त्रातही असंच असतं, दोन गोष्टी पुरेशा वेळा एकत्र आल्या की त्या एक होतात. नाकाला असं शिकवायला ती स्वतःच तर शिकली होती.

८

ठमी सगळा रस्ता रडत होती. जिना चढताना तर तिचा आवाज घरभर घुमला. बाईंनी कुलूप काढलं आणि "पोरीला धुळीचा त्रास होईल हो," असं पुटपुटत त्या खाली निघून गेल्या.

नकटीने दार ढकललं आणि ठमी एकदम गप्प झाली.

वास आता दाट झाला होता. आंघोळीनंतर न्हाणीघरात कोंडलेल्या वाफेसारखा तो अंगाला लागत होता. दुधाचा, झोपेचा, ओल्या केसांचा. त्यात आता कांदा होता, तेल होतं, माळ्यावरचा साबणही होता. तिने गेल्या दिवसांत अंगाला लावलेलं सगळं इथे पोचलं होतं. नकटीचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जगून आपण कशा आहोत हे तिला आत्ता कळत होतं, आणि ते बरं होतं, मायेचं होतं.

ठमी हसली. तिचे गाल अजून ओले होते. नकटीने तिला घट्ट छातीशी धरलं. "मीच गं. हा बघ, माझाच आहे. बघ ना." ठमीने तिच्या खांद्यावरून पलीकडे दोन्ही हात पसरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट, स्पष्ट शब्द काढला.

"आई."

पलंगाकडे बघून काढला.

नकटीला तिला खाली सोडायचं नव्हतं. पण मूल जेव्हा सगळ्या अंगाने एका दिशेला ओढ घेतं तेव्हा हातांचं काही चालत नाही. ठमी धुळीतून भराभर रांगत गेली. पलंगाच्या कडेला धरून उभी राहिली. रजईची कड खाली लोंबत होती, ती धरून ती कशीबशी वर चढली, आणि रजईच्या मध्यावर, जिथे खोलगट दिसत होतं, तिथे बसली. मग तिने डोळे मिटून मान पुढे केली आणि हवेत नाक खुपसलं. बसलेल्या बाईची मान जेवढ्या उंचीवर येईल, बरोबर तिथे. ती फुरफुरायला लागली.

हा झोका आहे हवेचा, नकटी मनात म्हणत होती, मूल खेळतंय, मुलं खेळतात. खालचं घड्याळ टिकटिकत होतं. झडप बंद होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत ठमीच्या टाळूवरचे मऊ केस हळूच उभे राहिले. वाऱ्याने उडतात तसे इकडेतिकडे झाले नाहीत. सगळे एकाच बाजूला, वर, ओढल्यासारखे, आणि तसेच थांबले. कुणीतरी पोटभर श्वास घ्यावा, इतका वेळ थांबले.

मग ते पुन्हा खाली बसले.

नकटी किंचाळली की नाही ते तिला नंतर आठवेना. पोरीला उचलून ती जिन्यावर होती, मग रस्त्यावर होती, आणि उन्हात माणसं चालत होती.

९

ठमी रडली नाही. रस्त्यात तिने आईकडे पाहिलं, चेहरा निरखला, गाल चाचपला, आणि मग आपणहून तिच्या मानेत तोंड घातलं. नकटीला रस्त्यातच हुंदका फुटला. इतक्या दिवसांची तहान होती ती. ती पोरीला घट्ट धरून चालत राहिली, आणि मनात म्हणत राहिली, आली, माझी पोर माझ्याकडे आली, आता त्या खोलीला आग लागो.

बसमध्ये एक बाई सरळ त्यांच्या मांडीवरच बसायला आली आणि दचकून उठली. "अगं बाई! दिसलाच नाहीत हो तुम्ही दोघी!" नकटीला हसू आलं. तिला त्या वेळी कशाचंही हसू आलं असतं.

घरी कुणी नव्हतं. बाहेरच्या खोलीतल्या कोचावर ती पाय वर घेऊन बसली. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता. ठमी तिच्या मानेत नाक घालून पेंगायला लागली. या बाजूला, मग त्या बाजूला, शोधाशोध काही नाही. जे होतं ते तिला चालत होतं. नकटीने मान वाकवली आणि पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं.

बराच वेळ तिने नाक तसंच ठेवलं. मग नाक थोडं खाली सरकवलं, कानामागे बघितलं, मानेच्या वळीत बघितलं. पोर उबदार होती, मऊ होती, श्वास घेत होती, आणि पाण्यात उकळलेल्या कापडासारखी कोरी होती.

दाराला किल्ली लागली. नवरा आत आला, भाजीची पिशवी खाली ठेवली, दिवा लावला. कोचावरून त्याची नजर फिरली, जाऊन भिंतीवरच्या घड्याळावर थांबली. तो आतल्या खोलीत डोकावून आला. मग खिडकीशी येऊन, कोचाच्या अगदी जवळ उभा राहून त्याने शेजारी हाक मारली.

"ताई! या दोघी आल्या नाहीत का अजून?"

"नाही रे बाबा. माझ्याकडे नाहीत आल्या."

त्याने फोन काढून कानाला लावला. नकटीचा फोन मघाच्या पळापळीत कुठे राहिला होता कोण जाणे. तो उभा होता तिथून हात लांब केला तर तिच्या खांद्याला लागला असता. अरे, इथेच आहोत की, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात ठमीने झोपेत एक मोठा, समाधानाचा उसासा टाकला आणि तिच्या कपड्याचा गळा मुठीत घट्ट धरला. कितीतरी दिवसांनी ती आईच्या मानेत झोपली होती. आवाज केला असता तर ती उठली असती. नकटीने तोंड मिटलं, आणि हळूहळू तिला थोपटू लागली.